दादीच्या ओढणीचा रंग

आमच्या घरात मरहूम दादीचा एकच फोटो आहे. फोटो काढून घेणं तिला पसंत नव्हतं. पण 1978 साली दादा-दादी हजला निघाले, कागदपत्रांना फोटो हवा होता, म्हणून ती एकदाची स्टुडिओतल्या स्टुलावर बसली. तेव्हा मुंबईहून जिद्दाला जहाजानेही जात. अब्बा म्हणायचे, "अम्मा समुद्राला भ्यायली नाही एवढी त्या कॅमेऱ्याला भ्यायली."

गेल्या ईदला भाच्याने तो फोटो मोबाईलवर रंगीत करून दाखवला. ओढणी गडद निळी, गालांवर गुलाबी छटा. आम्ही भावंडं हरखलो. मुलं म्हणाली, "आता दादी खरी वाटते." फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलासुद्धा. रात्री आवराआवर करताना आपाने विचारलं, "ओढणी निळी होती हे याला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. उजेड लागलेल्या क्षारांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते, उरलेले हायपोत निघून जातात. प्रकाश किती पडला हे फिल्म सांगते, कुठल्या रंगाचा पडला हे नाही. गडद निळा, गडद हिरवा, डाळिंबी, तिन्ही फोटोत जवळपास एकाच करड्या छटेत उतरू शकतात. मोबाईलने अंदाज केला, आणि आम्ही तो खरा धरला.

'मुघल-ए-आझम'ही असाच रंगवला गेला. 1960 चा तो चित्रपट 2004 मध्ये पूर्ण रंगीत होऊन आला, तो आम्ही आवडीने पाहिला. पण के. आसिफ यांनी शीशमहालातलं गाणं आणि शेवटचा भाग मुळातच रंगीत चित्रित केला होता; रंगवणाऱ्यांपुढे नमुना तरी होता. आमच्याकडे दादीच्या रंगाचा नमुना म्हणजे एकटी फुफी. ऐंशीच्या घरातली.

तिच्याकडे गेलो आणि चूक केली. विचारण्याआधीच मोबाईल तिच्या हातात दिला. तिने चष्मा पुसला, पाहिलं, डोळे भरून आले. "हो, निळीच होती." आम्ही थोरली दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. लहानपणी फुफीनेच सांगितलं होतं की ती ओढणी तिच्या निकाहातली, डाळिंबी; फोटोसाठी अम्मा मागून घेऊन गेली आणि परत द्यायची विसरली. ही गोष्ट ती दरवेळी हसत सांगायची.

आम्ही आठवण करून दिली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "डाळिंबी असेल, बेटा. पण आता मला निळीच दिसते."

घरी येऊन ग्रुपवरचा फोटो काढून टाकायला सांगितलं. दोघांनी काढला, बाकीच्यांनी तोवर पुढे पाठवला होता. एका चुलतभावाने तर मोठा करून फ्रेमही केली आहे. त्याला काय बोलणार! मग मूळ फोटो अल्बममधून अलगद काढला आणि मागे पेन्सिलने लिहिलं: 'हजचा फोटो, 1978. ओढणी फुफीची, डाळिंबी असावी.'

'होती' खोडून 'असावी' आपाने करायला लावलं.