कादंबरीआधीची तयारी

कादंबरी लिहायला घेण्यापूर्वी किती ठरवावे आणि किती मोकळे सोडावे, हे लेखकाच्या स्वभावावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच त्याच्या सामग्रीवरही असते.

ऐतिहासिक कादंबरीत शेवट आधीच ठरलेला असतो. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’सारख्या (१९८८) कादंबरीत १४ जानेवारी १७६१ ही लढाईची तारीख लेखकाला हलवता येत नाही. अशा लेखनासाठी आधी साधने वाचून टाचणे काढावी लागतात, घटनांचा तारीखवार तक्ता करावा लागतो आणि मगच प्रकरणे पाडता येतात.

जगलेल्या आयुष्यावरच्या कादंबरीचे तसे नसते. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशा ग्रामीण वास्तवाच्या कादंबरीत कथानकाच्या आराखड्याआधी माणसे पक्की व्हावी लागतात: कोण कोणाच्या नात्यातले, कोणाचे घर कुठल्या वस्तीत, पेरणीपासून सुगीपर्यंत कोणाच्या हाताला कोणते काम. एवढे पक्के झाले की प्रसंग पात्रांच्या वागण्यातून निघत जातात.

तिसरी रीत आवाजापासून सुरू होते. निवेदकाची बोली सापडली की लेखन वेगाने पुढे सरकते. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ (१९६३) काही दिवसांतच लिहून काढली. ‘हिंदू’ (२०१०) मात्र कित्येक वर्षे चालली. एकाच लेखकाला प्रत्येक कादंबरीसाठी एकच पद्धत पुरत नाही, हे यावरून दिसते.

चौथी रीत हप्त्यांची. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत. छापून गेलेले प्रकरण मागे घेता येत नाही. म्हणून अशा लेखकाला मुख्य धागा तरी आधी ठरवून ठेवावा लागतो.

लेखनाच्या शिस्तीचा विचार नामदेव कांबळे यांच्या वाशीमला परका नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर या संस्कृत ग्रंथकाराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावला आहे. त्याच ग्रंथात कवीची दिनचर्या आहे: पहिल्या प्रहरी विद्याभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, जेवणानंतर काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी सकाळच्या लेखनाची तपासणी. रचनेच्या भरात विवेकाची नजर काम करत नाही, असे कारण तो देतो. जास्तीचे काढावे, उणे भरावे, चुकीच्या जागी पडलेले हलवावे आणि विसरलेले आठवून घालावे, अशी तपासणीची कामेही तो सांगतो. खडू, फळा, लेखणी, दौत यांची यादी देऊन खरे साधन प्रतिभाच, असेही तो नोंदवतो.

आराखडा तपशीलवार असो वा चार ओळींचा, त्याचा उपयोग पहिला खर्डा पुरा होईपर्यंतच. त्यानंतर कादंबरी घडते ती चौथ्या प्रहरी, आणि तो प्रहर कोणत्याही पद्धतीच्या लेखकाला चुकत नाही.