सिल्व्हर्टनच्या डोंगरात, चार चाकांच्या भरवशावर

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती नि गुळगुळीत रस्ते येतात, नाही का? पण मैत्रिणींनो, कोलोरॅडो राज्यात लेकीकडे-सुनेकडे जाणं झालंच, तर सिल्व्हर्टन हे चिमुकलं गाव चुकवू नका. उंची ९,३१८ फूट! इथल्या चांदीच्या खाणींसाठी १८८२ साली ड्युरँगोहून आगगाडी आली. आपल्या माथेरानसारखीच अरुंद रुळांची. उन्हाळ्यात ती आजही प्रवाशांना घेऊन धापा टाकत येते.

गावापलीकडे 'अल्पाइन लूप' ही सुमारे ६५ मैलांची खडकाळ वाट लागते. वाटेत ११,२०० फुटांवर ॲनिमस फोर्क्स हे ओसाड खाणगाव. पुढची इंजिनिअर खिंड तर १२,८०० फुटांवर. इथे साधी मोटार कामाची नाही. चारही चाकांना जोर देणारी गाडीच हवी.

हा जोर वाटून देतो 'ट्रान्सफर केस' नावाचा डबा. पूर्वी त्यासाठी दांडा ओढावा लागे. हल्ली पुष्कळ पिकअप ट्रकांत बटण दाबलं की डब्यावरची छोटी विजेची मोटर, म्हणजे ॲक्च्युएटर, आतला दांडा फिरवते. उतारावर 'फोर लो' लावला की इंजिनच गाडी आवरून धरतं, ब्रेक तापत नाहीत.

माझ्या भाच्याच्या गाडीत नेमकं हेच बटण सिल्व्हर्टनला रुसलं. दिवा नुसता लुकलुकत राहिला. मागे दोन पोरं, डबे भरलेले, आभाळ निळंशार! मोह कुणाला होणार नाही? पण भाचेसून म्हणाली, "चढू हो मावशी, पण उतरायचं कसं?" बेत तिथेच राहिला.

दुरुस्तीही तिनंच केली. आधी फ्यूज पाहिला, तो ठीक होता. मग सपाट जागी हँडब्रेक ओढून, चाकांना ओंडके लावून ती गाडीखाली शिरली. ओंडके विसरायचे नाहीत, बरं का! ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये अडकला असेल, तर गिअर 'पार्क'मध्ये असूनही गाडी घरंगळू शकते. वायरच्या जोडातल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. बर्फ वितळवायला तिकडे रस्त्यावर क्षार टाकतात ना, त्याचा प्रताप! पिना घासूनही मोटर हलेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी ड्युरँगोहून नवी आणली. बॅटरीची तार सोडवली, बोल्ट काढून जुनी उतरवली. नवी बसवताना तिचं तोंड नि डब्याचा दांडा एकाच स्थितीत जुळायला हवेत. ठोकाठोकी मुळीच करायची नाही. चाचणी मात्र खडीच्या रस्त्यावर. कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडली तर वळताना यंत्र आखडतं.

तिसऱ्या दिवशी ॲनिमस फोर्क्सची रिकामी लाकडी घरं पाहिली, तीही निर्धास्त मनानं.

तुम्ही भाड्यानं गाडी घ्याल, तर पायथ्याशीच 'फोर लो' लागतो ना, ते पाहून घ्या. जुलै-ऑगस्टात दुपारी विजा कडाडतात, म्हणून पहाटेच निघा. स्वेटर नि भरपूर पाणी हवंच. आणि दिवा लुकलुकला तर खुशाल मागे फिरा. डोंगर कुठे पळून जात नाही!