बातमीपत्रातील हिवाळा

दिल्लीत ‘हिंदूराव’ म्हटले की रुग्णालय, एवढाच अर्थ होतो. मलकागंजकडून टेकडीच्या चढावर सवारी नेणारा रिक्षावाला भाडे ठरवताना हा शब्द वापरतो. पौषातल्या धुक्यात चिठ्ठीच्या खिडकीपुढे शाल गुंडाळून उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडीही तोच असतो. हिंदूराव हा कोणी मनुष्य होता आणि तो मराठा होता, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. कोल्हापूरजवळच्या कागलकर घाटग्यांच्या घराण्यातला, पुणे लुटून बदनाम झालेल्या सर्जेरावाचा हा मुलगा. दौलतराव शिंद्यांच्या बायजाबाईंचा भाऊ. १८३३ साली बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. हिंदूराव पुढे दिल्लीस राहिला आणि विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची टेकडीवरची कोठी त्याने विकत घेतली. फ्रेझरचा २२ मार्च १८३५ रोजी घरी परतताना खून झाला होता, आणि त्याबद्दल फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन अहमद खान त्याच वर्षी फासावर गेला होता.

कोठीच्या आवारात अशोकाच्या एका स्तंभाचे तुकडे पडून होते. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो मीरतहून आणविला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी दारूच्या स्फोटात तो मोडला. हिंदूरावाने ते तुकडे बंगालच्या एशियाटिक सोसायटीला देऊन टाकले. लेखाचा भाग कापून कलकत्त्यास गेला, कालांतराने परत आला, आणि १८६७ मध्ये खांब सांधून पुन्हा उभा करण्यात आला. राजाने आपले म्हणणे दगडावर कोरून लोकांसमोर उभे करावे, हा वार्तेचा एक प्रकार झाला. त्यात राजा बोलतो. त्या वर्षी थंडी किती पडली, गव्हाचा भाव काय होता, हे खांब सांगत नाही. ते सांगणारा लेखक निराळा, आणि त्याची जातही दिल्लीत पुष्कळ जुनी आहे.

मराठीपुरते बोलायचे तर हिंगण्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. बाजीरावाच्या काळात महादेवभट हिंगणे दिल्ली दरबारी पेशव्यांचे वकील झाले आणि त्यांच्यामागे मुलानातवांनी ते काम चालविले. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ या नावाने त्या दरबारातील पत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा अभ्यासकांनी स्वाभाविकपणेच त्यांत राजकारण शोधले. कोणता वजीर कोणाशी फुटला, बादशहा कोणावर रुष्ट झाला, रोहिल्यांची हालचाल कोणीकडे, हा मजकूर पुण्यास हवा होता. त्यासाठीच वकिलाची नेमणूक. परंतु या जातीच्या पत्रांचा खरा रस पुष्कळदा मजकुराच्या शेपटीत असतो. तेथे धारण महाग झालेली असते, शिपायांची तलब चढलेली असते, सावकार उधार देईनासा झालेला असतो, आणि लिहिणाऱ्याचा स्वतःचा खर्चही चालेनासा झालेला असतो. धन्याला या गोष्टी कळविण्यात व्यवहारही होता, कारण धान्याच्या भावावरून फौज किती दिवस तग धरील हे कळे. तथापि सगळेच काही हिशेबाने लिहिले जात नाही. परमुलुखात थंडीने गारठलेल्या माणसाचा हात कधी कधी आपोआप तिकडे वळतो.

मराठीतील सर्वांत मोठी राजकीय वार्ता तर अशा शेपटीच्याच भाषेत आली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्वस्व गेले. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, भेलशाजवळ पोहोचलेले. कित्येक दिवस भाऊंकडून अक्षर नाही. दरबारच्या डाका, वकील, जासूद यांपैकी कोणीही जे वेळेवर सांगू शकले नाही, ते २४ जानेवारीच्या सुमारास एका सावकाराच्या कासिदाजवळच्या पत्राने सांगितले, आणि तेही पेढीच्या बोलीत: दोन मोती विरघळले, काही मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा यांची तर गणतीच नाही. युद्धाचा शब्दही त्यात नव्हता. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे मोती. ज्यांना खुर्दा म्हटले ती हजारो घरची माणसे. राजकारण लपविण्यासाठी योजलेली ही भाषा राजकारणाच्या कोणत्याही खलित्यापेक्षा अधिक बोलली, आणि महाराष्ट्राने पुढे लक्षात ठेवली तीही हीच.

हिंदूरावाच्या कोठीवर वार्तेची खरी गर्दी झाली ती १८५७ मध्ये. हिंदूराव त्यापूर्वीच वारला होता. जून महिन्यात इंग्रज फौजेने टेकडी धरली आणि ही कोठी तिचे मुख्य ठाणे झाली. मेजर रीडच्या सिरमूर पलटणीतील गुरख्यांनी ती सप्टेंबरपर्यंत लढविली. शहरातले हेर चिठ्ठ्या लिहून टेकडीवर पोहोचवीत. इंग्रजांचा मुनशी जीवनलाल शहरातच राहून रोजनिशी ठेवी; तिचे इंग्रजी भाषांतर १८९८ मध्ये छापले गेले. याच्या उलट बाजूस मौलवी मुहम्मद बाकिर. ते ‘देहली उर्दू अखबार’ शिळाछापावर काढीत, आणि बंडाच्या दिवसांत बादशहाच्या नावावरून त्यांनी पत्राचे नावही बदलले. दिल्ली इंग्रजांच्या हाती परत गेल्यावर बाकिर यांना ठार करण्यात आले, जीवनलाल वाचला. या दोघांना एका तागडीत घालणे योग्य नव्हे. तरी लुटलेली दुकाने आणि भेदरलेले वाणी-हलवाई आज जीवनलालाच्या नोंदींतही सापडतात, हे मान्य करावेच लागते. हेराने विकलेल्या बातमीचा उपयोग टेकडी पडेपर्यंत वा जिंकेपर्यंतच होता. हलवायाच्या दुकानाचा अजून आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्याचा साक्षीदार मिर्झा गालिब. फ्रेझरशी त्याचा स्नेह होता. शम्सुद्दीनशी निवृत्तिवेतनावरून वैर. म्हणजे टेकडीवरच्या त्या कोठीची मूळ कथा त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून गेलेली. त्या हिवाळ्यात तो बल्लीमारानच्या गल्लीत राहिला होता. पतियाळाच्या महाराजांच्या शिपायांचा पहारा गल्लीच्या तोंडाशी होता, म्हणून ती वाचली. या दिवसांचे त्याने दोन प्रकारचे लेखन केले. एक ‘दस्तंबू’, अरबी शब्द कटाक्षाने टाळलेल्या जुन्या वळणाच्या फार्सीत, ११ मे १८५७ पासून ३१ जुलै १८५८ पर्यंतचा वृत्तांत. आग्र्यास नोव्हेंबर १८५८ मध्ये छापला आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस पडावा अशा बेताने सजविला. राणी व्हिक्टोरियाच्या स्तुतीचा कसीदाही त्याला जोडला. दुसरे लेखन म्हणजे मित्रांना आणि शिष्यांना उर्दूत घातलेली पत्रे. ती ‘ऊद-ए-हिंदी’ (१८६८) आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ (१८६९) या संग्रहांत आली.

पहिले खुशामतीचे आणि दुसरे खरे, अशी वाटणी सहसा केली जाते. ती फार सोपी आहे. ‘दस्तंबू’तला राजकीय भाग निःसंशय सांभाळून लिहिलेला आहे, ज्याचे वेतन अडकले आहे आणि ज्याच्या निष्ठेची चौकशी होत आहे असा माणूस याहून निराळे काय लिहील? पण त्याच पुस्तकात घरातले पाणी संपते, पाऊस येतो, आणि अंगणात चादर ताणून तिच्याखाली भांडी मांडली जातात. पुढे ऑक्टोबरात वेडा झालेला भाऊ, मिर्झा यूसुफ, मरतो. शहरात कफन मिळत नाही, कबर खोदणारा मिळत नाही. घरातल्या चादरींत गुंडाळून त्याला जवळच्या मशिदीच्या आवारात पुरतात. कपडे, अंथरूण विकून पोट भरण्याची पाळी येते. कसीदा लिहिणाऱ्या हाताने ही चादर पुसून टाकली नाही. पत्रांत हेच सारे मोकळेपणाने येते: कोणती गल्ली पाडली, कोणाला शहरात परत येण्याचा परवाना मिळाला, वेतनाचे काय झाले. ते वेतन १८६० मध्ये परत सुरू झाले.

मराठी वाचकाला येथे वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण होणे साहजिक आहे. हिंदूरावाच्या याच बहिणीने मथुरेस मोठा यज्ञ मांडल्याची वार्ता ऐकून, दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये कोकणातून निघाले आणि बंडात सापडले. त्यांचा वृत्तांत फार उशिरा लिहिलेला, १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापलेला. झाशीच्या राजकारणातील तपशिलांत तो कोठे कोठे चुकतोही. जेवणाचे पान, नदीचे स्नान, गाठीची रक्कम यांत मात्र तो क्वचितच डगमगतो. भिक्षुकाला वजिराची गरज नव्हती.

हल्ली दिल्लीत राजकारणावर रोज लिहिणाऱ्यांना धनी अनेक आणि तातडी फार. हिवाळी अधिवेशन सुरू झाले की कोण कोणाशी फुटला हा जुनाच मजकूर नव्या वेगाने वाहू लागतो, आणि विषारी धुके येते ते बहुधा आकड्यापुरते. २६ नोव्हेंबर २०२० पासून शेतकरी पानिपतच्याच रस्त्यावर, सिंघूच्या सीमेवर, ट्रॉल्यांत पेंढा पसरून सबंध हिवाळा राहिले. वाटाघाटींच्या फेऱ्या ज्यांनी इमानाने मोजल्या त्यांची पाने आज शिळी वाटतात. पहाटे चुलवणावर रटरटणाऱ्या डाळीचे आणि दवाने भिजलेल्या रजयांचे वर्णन ज्यांनी केले, त्यांची पाने अजून वाचवतात. कायदे मागे घेतले गेले, हे कळूनही वाचवतात.

त्याआधी महिनाभर, ऑक्टोबरात, हिंदूराव रुग्णालयातले निवासी डॉक्टर कित्येक महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी आंदोलनास बसले होते. साथीचा काळ असल्याने रुग्ण अन्यत्र हलवावे लागले. हिंगण्यांच्या एखाद्या कारकुनाला ही बातमी पुण्यास कळवायची असती, तर वर्तमान दरबाराचे लिहून झाल्यावर, कागद संपता संपता, त्याने एवढेच घातले असते की टेकडीवरील पथकाची तलब चढली आहे, लोक उठून बसले आहेत, आणि येथे थंडी यंदा लवकर पडली.