मंजुरी कुणी दिली?

सायबर सुरक्षेची नोकरी करून विद्यापीठात शिकवायला आल्यावर माझं एक मत पक्कं झालं. या विषयाच्या शिक्षकाला उद्योगातला अनुभव हवाच, पण सॉफ्टवेअर चालवून दाखवण्यासाठी नव्हे. ते लवकर जुनं होतं. अपुऱ्या पुराव्यावर, घड्याळ पुढे सरकत असताना निर्णय कसा घ्यायचा, हे त्यानं शिकवायचं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण घ्या. 11 ऑगस्ट 2018 ला, बँका बंद असलेल्या दुसऱ्या शनिवारी, बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी बँकांच्या स्विफ्ट या संदेशप्रणालीमार्फत आणखी जवळपास चौदा कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका 94 कोटींचा. पुस्तकात एन्क्रिप्शनची प्रकरणंच्या प्रकरणं असतात. इथे मात्र मूळ प्रणालीपर्यंत विनंती पोचूच न देता हल्लेखोरांनी घुसवलेला बनावट स्विच (एटीएमची विनंती बँकेकडे पोचवणारी यंत्रणा) परस्पर मंजुरी देत होता. ‘ही मंजुरी कुणी दिली आणि ते तपासतं कोण?’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडला पाहिजे.

यावर आक्षेप येतो की विद्यापीठाचं काम तत्त्वं शिकवण्याचं, उमेदवार घडवण्याचं नाही. तत्त्वांशिवाय वरचं प्रकरण उलगडतच नाही, हे मला मान्य आहे. निव्वळ अनुभवी माणूस बटणं दाबायला शिकवेल. म्हणून दोन्ही हवं. यूजीसीनं 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली, पीएचडीची अट न ठेवता, साधारण पंधरा वर्षांच्या अनुभवावर. पण मुदत जास्तीत जास्त चार वर्षं! अभियांत्रिकीची एक तुकडी बाहेर पडायलाच तेवढा काळ लागतो. एवढ्यात प्रयोगशाळा उभी राहील, मुरणार नाही. हल्ले शिकवले तर गुन्हेगार तयार होतील, ही भीतीही ऐकू येते. लेखी परवानगी, बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेले संगणक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 हे पहिल्याच तासाला शिकवलं, तर ही भीती बरीच कमी होते.

मी डहाणूजवळच्या मसोलीत राहतो, त्यामुळे ‘आपल्याकडे याचा काय उपयोग?’ हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डहाणूचं 500 मेगावॉटचं औष्णिक केंद्र मुंबईला वीज पुरवतं. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली. राज्य सरकारनं पुढे सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. कोणती नोंद हाती आली तर हा वाद मिटेल, हे सांगू शकणारे तरुण डहाणू-तलासरीत घडावेत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी खऱ्या केंद्राला हात लावावा लागत नाही. एक पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक नियंत्रक), दोन-तीन संगणक, नोंदी साठवणारा सर्व्हर आणि त्या नोंदी वाचून दाखवणारा शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते.