पहिल्या घराचा सौदा



आपण जन्मभर विकत आलो. तूर विकली, कांदा विकला, दूध घातले. भाव समोरच्याने सांगायचा आणि आपण मान हलवायची, ही आपली जुनी सवय. घेणारा म्हणून आपण उभे राहतो ते बी-बियाण्याच्या दुकानात, आणि तिथे भाव पिशवीवरच छापलेला असतो. मग पोरांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी घर विकत घ्यायची वेळ येते. वाडवडिलांच्या वाड्यात जन्म गेलेला माणूस पहिल्यांदाच घराचा सौदा करायला बसतो. कधी बैलजोडी घेतली असेल, तेवढाच त्याचा अनुभव.

पण मी म्हणतो, तोच अनुभव कामाला येतो. बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, चालवून पाहतो, जूवाला लावून पाहतो, मालक खरा कोण हे गावात विचारतो, आणि मगच भावाला हात घालतो. घराचेही तसेच आहे.

मी कृषी विस्तार अधिकारी. नोकरीची पहिली पंधरा-सोळा वर्षे बदल्या आणि भाड्याची घरे यांतच गेली. २०१२ साली बार्शीत आम्ही पहिले घर घेतले. त्या सौद्यात जे शिकलो ते आज सांगतो, कारण शेतावर गेलो की पिकाच्या रोगाइतकेच लोक आता मला घराबद्दल विचारतात.

पहिली गोष्ट, भाव करायला जाण्याआधी आपली मर्यादा घरीच ठरवा. एका रात्री नवरा-बायको वही घेऊन बसा. जवळची शिल्लक किती, बँक कर्ज किती देईल, ते लिहा. त्यातून पुढच्या खरिपाचा खर्च आणि निदान वर्षभराचे हप्ते बाजूला काढा. शेतीचा पैसा सुगीला येतो, हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा असतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, एजंटाची दलाली आणि डागडुजी हेही वजा करा. जो आकडा उरेल ती तुमची मर्यादा. ती एजंटाला सांगू नका आणि बैठकीत ओलांडू नका. आमची मर्यादा साडेचौदा लाखांची होती. आमच्या सौ.नी तो आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

घर एका शिक्षकांचे होते. ते वारलेले, मागे काकू. मागणी सोळा लाखांची. मी ओळखीच्या गवंड्याला घेऊन गेलो. स्लॅब पावसाळ्यात गळत होता, मागच्या भिंतीला ओल होती, सांडपाण्याची नळी गटाराला जोडलेलीच नव्हती आणि वायरिंग जुने झाले होते. गवंड्याने कागदावर हिशेब मांडला. सगळे मिळून एक लाख पासष्ट हजार. मग दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २ पाहिली. त्याच गल्लीत आदल्या वर्षी साधारण तेवढेच घर चौदा लाखांना गेले होते. झालेल्या खरेदीची नोंद तिथे मिळते, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. लोक चहाच्या टपरीवर भाव विचारतात, आणि टपरीवरचा भाव नेहमी दोन लाखांनी जास्त असतो.

एवढी तयारी करून आम्ही निघालो, तेव्हा वाटेत एजंट माझ्या कानाशी लागला. म्हणाला, "साहेब, म्हातारी अडलेली आहे. मुलाच्या दवाखान्याचे देणे झाले आहे. बारा लाखांवर अडून बसा, महिनाभरात पाया पडत येईल."

बंधूंनो, ते ऐकून मला माझे वडील आठवले. तुरीची पोती घेऊन ते बाजारात जात, तेव्हा बहिणीचे लग्न महिन्यावर आले आहे हे व्यापाऱ्याला आधीच कळलेले असे. मग तुरीत खडे निघत, ओलावा निघत असे. दोष तुरीत नसे, दोष आमच्या अडचणीत असे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे आपण ऐकले नाही, भोगले आहे. आणि आता गाढवाच्या जागी मी उभा राहायचे?

घरी येऊन सौ.ना सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, स्लॅब गळतो त्याचे पैसे कमी करून घ्या. त्यांचा मुलगा आजारी आहे त्याचे कशाला?" घासाघीस कशी करावी याचा याहून सोपा नियम मला कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही. वस्तूच्या दोषावर भाव करा, माणसाच्या अडचणीवर करू नका.

याचा अर्थ भिडेपोटी जास्त पैसे द्या असा नव्हे. आम्ही काकूंसमोर गवंड्याचा हिशेब ठेवला, गल्लीतल्या खरेदीचा आकडा सांगितला आणि साडेतेरा लाख म्हटले. काकू रागावल्या नाहीत, कारण आकड्यामागे कारण होते. त्या सव्वापंधरावर आल्या. आम्ही चौदा म्हटले. त्या चौदा लाख चाळीस हजारांवर थांबल्या. मी बोललो नाही, चहा पीत बसलो. भाव करताना गप्प बसणे हेही एक बोलणेच असते.

मग मी विचारले, "काकू, पैशाशिवाय तुमची आणखी काही अडचण आहे का?" तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. नातू दहावीला होता. परीक्षा मार्चमध्ये, आणि मेअखेर त्या मुलीकडे राहायला जाणार होत्या. तोवर घर सोडायचे नव्हते, आणि येणारा प्रत्येक गिऱ्हाईक ताबा लगेच मागत होता. आमची भाड्याची खोली जूनपर्यंत होतीच. आम्ही म्हटले, मेअखेरपर्यंत राहा. त्यांनी आपणहून पंधरा हजार कमी केले. चौदा लाख पंचवीस हजारांना सौदा ठरला. आम्ही मर्यादेच्या आत राहिलो, आणि नातवाची परीक्षा त्याच्याच घरात झाली. समोरच्याला पैशाशिवाय काय हवे आहे ते विचारा. पुष्कळदा ते आपल्याला फुकटात देता येते.

तोंडी सौदा गोड झाला तरी कागद कडक हवा. घर मास्तरांच्या नावावर होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली सारेच वारस. म्हणून आम्ही काकूंबरोबर मुलगा आणि दोन्ही मुलींच्या सह्या मागितल्या. लग्न झालेल्या मुलीची सही कशाला, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून घेतल्या. शहरात मिळकत पत्रिका पाहा, बिनशेती प्लॉट असेल तर सातबारा आणि बिनशेती आदेश पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टी आणि वीजबिलाची बाकी कोण भरणार, तेही बैठकीतच ठरवा.

ताबा चार महिन्यांनी मिळणार होता, म्हणून आम्ही साठेखत करून ते नोंदवले. किंमत, इसार, खरेदीची तारीख, ताब्याची तारीख सारे त्यात लिहिले. आणखी एक अट घातली. मालकीच्या कागदात खोट निघून बँकेने कर्ज नाकारले, तर इसार परत मिळावा. ही अट भावाइतकीच महत्त्वाची आहे. हजारभर रुपयांसाठी तासभर भांडणारा माणूस इसाराची पावती न वाचता सही करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

लक्षात ठेवा, साठेखताने माणूस मालक होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नोटरीच्या कागदावर "घर घेतले" म्हणणाऱ्याने फक्त पैसे दिलेले असतात.

इसार चेकने द्या. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आली. देणारा-घेणारा दोघेही शेती उत्पन्नाचे आणि कोणालाही कर लागू होणारे उत्पन्न नाही, अशांना त्यात सूट ठेवलेली होती. पण सूट असली तरी चेकच बरा. रोख पैशाला साक्षीदार नसतो.

नवीन इमारतीत फ्लॅट घेणार असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. २०१७ पासून महारेराचे काम सुरू आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर करा, जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यावर नको. आणि घर केवळ घरातल्या बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत राज्याने २०२१ पासून दिली आहे. जिच्या वहीतल्या दोन रेघांनी घर सांभाळले जाते, तिचे नाव घरावर असायला काय हरकत आहे?

शेवटी एकच सांगतो. उद्या पुन्हा आपण तूर घेऊन बाजारात उभे राहणारच आहोत. आपल्या मालात खोट असेल तर व्यापाऱ्याने भाव जरूर पाडावा. आपल्या घरात लग्न आहे म्हणून पाडू नये, एवढेच आपले मागणे असते. मग घेणारे झाल्यावर आपणही तसेच वागू या. भाव कसून करा, कागद तपासून घ्या, मर्यादा सोडू नका. मात्र ज्या घरात उद्या आपल्याला दिवा लावायचा आहे, तिथून जाणाऱ्याला रडवून धाडू नका.