दगडूची जागा

कासवी आपल्या पिल्लांना दुरून नुसत्या नजरेनं वाढवते, असा दाखला आपल्या संतांनी पुन्हा पुन्हा दिला आहे. माझ्या सासूबाईंचा तो फार आवडता दाखला. प्रत्यक्षात हरमन जातीच्या जमिनीवरच्या कासवाची मादी मऊ मातीत खड्डा उकरते, अंडी घालते, मागच्या पायांनी माती सारखी करते आणि निघून जाते. दोन-तीन महिन्यांनी पिल्लू नाकाच्या शेंड्यावरच्या इवल्याशा टोकानं अंडं आतून फोडतं आणि पोटाशी उरलेल्या बलकावर पहिले दिवस काढतं. आईची नि त्याची गाठ पडतच नाही. आईचं सगळं काम जागा करते. ऊन, ओल, झुडपाखालची सावली आणि अंग पुरून घेता येईल अशी माती, एवढ्यावर ते वाढतं. कासवाचं पिल्लू घरी आणायचं तर आधी ही जागा उभी करायला हवी. मायेनं हातात घेऊन कुरवाळण्याचा त्याला काही उपयोग नसतो.

आम्ही इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात बेसिंगस्टोकला राहतो. तिथून जवळच सेलबोर्न नावाचं गाव आहे. गिल्बर्ट व्हाइट हे निसर्गनिरीक्षक पाद्री अठराव्या शतकात तिथे राहत. १७८० साली त्यांनी आपल्या आत्याच्या माघारी तिचं कासव, टिमोथी, सेलबोर्नला आणलं आणि ते पावसाला किती घाबरतं, केव्हा जमिनीत शिरतं, केव्हा बाहेर येतं, हे सगळं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. २०१४ साली आमची लेक आठ वर्षांची होती. शाळेच्या सहलीत ते घर पाहून आली आणि तिला कासवाचा ध्यास लागला.

पूर्वी इथे भूमध्य समुद्राकाठची रानटी कासवं जहाजं भरभरून येत आणि पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच ढिगानं मरत. १९८४ साली तो व्यापार बंद झाला. आता पाळलेल्या कासवांना झालेली कासवंच विकता येतात, तीही सरकारी प्रमाणपत्रासह. शेजारच्या खेड्यात एक निवृत्त गृहस्थ आपल्या काचघरात हरमन कासवं वाढवत. त्यांनी पिल्लू दाखवलं, पण लगेच दिलं नाही. "आधी जागा करा, आठवडाभर रिकामीच चालवा, सकाळ-दुपार-रात्रीचं तापमान लिहून आणा. मग देतो," म्हणाले. जिवंत प्राणी विकणाऱ्या प्रत्येकानं घालावी अशी ही अट आहे, असं मला आजही वाटतं.

नवऱ्यानं प्लायवूडचं चार फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर उंच कडांचं उघडं खोकं केलं. इथे त्याला टॉर्टॉइज टेबल म्हणतात. काचेची पेटी आम्ही मुद्दाम टाळली. काच म्हणजे भिंत हे कासवाला कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर काचेवर पाय घासत राहतं आणि थकतं. उघड्या खोक्याचाही एक दोष आहे, ते फार लवकर कोरडं पडतं. म्हणून अर्ध्या भागावर झाकण बसवलं. त्याखाली ओल टिकायची, उरलेल्या भागात हवा खेळती राहायची.

मग माती. खत किंवा औषध न घातलेली बागेची माती, तिच्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुगा, आणि थोडी वाळू, असा जाड थर लागतो. कोकोपीटची वीट बादलीत भिजत घातली तेव्हा संगमेश्वरहून आलेल्या सासूबाई वास घेत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगो, हा तर सोडणाचा वास! एवढ्या लांब कुठून आणलास?" म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतःच ती वीट कुस्करायला बसल्या. त्या मिश्रणाची मूठ वळली पाहिजे पण पाणी गळता कामा नये, हे प्रमाण त्यांच्या हातांना माझ्याआधी कळलं.

ही ओल का महत्त्वाची, ते सांगायलाच हवं. पाळलेल्या कासवांच्या पाठीवर पुष्कळदा एकेक खवला शंकूसारखा वर आलेला दिसतो. जास्त प्रथिनं खाल्ल्यानं तसं होतं, असं लोक वर्षानुवर्षं मानत. व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी आफ्रिकेतल्या सल्काटा जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम कितीतरी मोठा दिसला. विचार केला तर ते पटतं. रानात पिल्लू उघड्यावर फारसं येतच नाही. बाहेर रखरखाट असला तरी ते गवताच्या मुळाशी, दमट मातीत दडलेलं असतं. मोठी कासवं उन्हात कोरडी फिरतात म्हणून पिल्लांनाही कोरडं ठेवायचं, ही समजूत त्यांच्या पाठीवर कायमची उमटते. एकदा वेडंवाकडं वाढलेलं कवच पुन्हा सपाट होत नाही.

उन्हाची सोय त्याहून अवघड. एका टोकाला दिवा टांगला, त्याच्याखाली ३२ ते ३५ अंश. दुसरं टोक वीस-बावीस अंशांवर. कासवाचं रक्त स्वतः तापत नाही. ते ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून अंगाचं तापमान राखतं, म्हणून दोन्ही टोकं हवीत. सगळीकडे सारखी ऊब असली तर त्याला काही निवडताच येत नाही. शिवाय अतिनील किरण देणारी यूव्हीबी ट्यूब लागते. त्या किरणांनी कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग हाडं नि कवच मऊ पडतं. सासूबाईंनी विचारलं होतं, "त्यापेक्षा खिडकीतल्या उन्हात ठेवलं तर?" कोकणातल्या माणसाला उन्हाचे पैसे मोजणं पटणार कसं! पण खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. ऊब आत येते, औषध बाहेर राहतं. ट्यूबचं आणखी एक आहे. वर्षभरात तिचे किरण क्षीण होतात, उजेड मात्र होता तसाच दिसतो. ट्यूब बदलल्याची तारीख आम्ही तिच्याच टोकाला लिहून ठेवतो. दिवे डोक्यावरून सरळ खाली हवेत, कारण बाजूनं आले तर डोळ्यांना इजा होते. टायमर लावून बारा तास दिवस, बारा तास रात्र. रात्री दिवा नाही, घरातली थंडी पुरते.

लेकीनं आठवडाभर आकडे लिहिले. ती वही पाहून त्या गृहस्थांनी पिल्लू तिच्या तळहातावर ठेवलं. वजन २८ ग्रॅम. आमच्या पोहे मोजायच्या काट्यावर ते कसंबसं उमटलं. नाव सासूबाईंनी ठेवलं, दगडू.

पहिले काही दिवस दगडू दिसलाच नाही. मातीत शिरला होता. लेक रडकुंडीला आली, पण पिल्लू पुरून घेतंय म्हणजे जागा त्याला मानवली आहे. दिव्याखाली चपटा दगड, कोपऱ्यात उलटी अर्धी कुंडी, मधे गवताचे झुपके. त्याला नजरेआड होता येईल अशा जागा आम्ही ठेवल्या होत्या. रानात पिल्लू सगळ्यांचंच भक्ष्य असतं, म्हणून उघड्यावर बसून राहावं लागणं ही त्याला शिक्षाच आहे. मग एका सकाळी तो आपणहून दिव्याखाली आला, चारही पाय पसरून ऊन खात बसला, आणि घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

रोज सकाळी कोमट पाण्याची अंघोळ. पाणी हनुवटीपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं. तो मान खाली घालून बराच वेळ पाणी पीत राहायचा आणि पोटही तिथेच साफ व्हायचं. लघवीबरोबर पांढरा गाळ पडतो. तो मऊ असला तर ठीक, खरखरीत असला तर पाणी कमी पडतंय. कासव ओरडत नाही, कण्हत नाही. त्याच्या तब्येतीची बातमी अशीच कळते, म्हणून रोज पाहायचं. दर आठवड्याला वजन. महिन्याला एक ते तीन ग्रॅम एवढी सावकाश वाढच चांगली. भराभर फुगलेलं पिल्लू निरोगी नसतं.

खाणं सगळं अंगणातलं. डँडेलियनची पानं-फुलं, इसबगोलाच्या कुळातलं लांबट पानांचं प्लँटेन, क्लोव्हर. फळं नाहीत, टोमॅटो नाही, पोळीचा तुकडा नाही. ज्या हिरवळीवर तणनाशक मारलं असेल तिथलं एक पानही नाही. सासूबाईंना हे फार जड गेलं. घरातल्या जिवाला गोड काही द्यायचं नाही म्हणजे काय! मग त्यांनीच तोड काढली. गणपतीसाठी म्हणून खिडकीशी जास्वंदीची कुंडी होती. जास्वंद कासवाला चालते. पहिलं फूल गणपतीला, दुसरं दगडूला, असा शिरस्ता पडला. तोंड उघडून लाल पाकळी ओढताना तो जितका जिवंत दिसायचा तितका एरवी कधी दिसला नाही. कॅल्शियमसाठी कोपऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा असे, त्यावर तो चोच घासायचा.

दगडूचे फोटो पाहून पुण्याहून भाच्यानं फोन केला. "मामी, इथे एकजण चांदण्यांचं कासव देतोय. आणू का?" मी त्याला स्पष्ट नको म्हटलं. आपलं ते तारा कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. ते पाळणं गुन्हा आहे, आणि २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी आली. घरात कासव असलं की लक्ष्मी येते म्हणून विकत घेतलेलं जवळजवळ प्रत्येक पिल्लू कुठल्या तरी माळरानावरून उचललेलं असतं. पोत्यांत, पिशव्यांत कोंबून नेलेली किती वाटेतच मरतात! भाच्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकणारा मुलगा आहे.

हिवाळ्यावरून मात्र घरात रण माजलं. हरमन कासव थंडीत झोपतं. झोपायच्या आधी काही आठवडे खाणं बंद करून, अंघोळी घालून आतडं रिकामं करावं लागतं, नाहीतर पोटात अन्न सडतं. पाच अंशांच्या आसपास तापमान स्थिर हवं. दहाच्या वर गेलं तर ते जागं होऊन शरीरातला साठा खर्चत बसतं, शून्याखाली गेलं तर डोळे जाऊ शकतात. इंग्लंडच्या लहरी थंडीत ते अंगणावर सोपवता येत नाही. म्हणून इथले जाणकार चक्क फ्रिज वापरतात. सासूबाई हादरल्या. "जित्या जिवाला फ्रिजात? माझ्यादेखत नाही हो!" गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रिज आणला, आत थर्मामीटर ठेवला, हवा बदलायला दर थोड्या दिवसांनी दार उघडायचं ठरलं. पहिल्या वर्षी झोप थोड्याच आठवड्यांची ठेवली. त्या दिवसांत सासूबाईंचा हरिपाठ गॅरेजमध्ये होई. दगडू उठला, पाणी प्यायला, वजन जवळजवळ तेवढंच भरलं. पुढच्या नोव्हेंबरपासून "फ्रिज लावला का गं?" ही आठवण त्याच संगमेश्वरहून फोनवर करू लागल्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला बागेत वाफा केला. वर जाळी, कारण कोल्हे आणि मॅगपाय पक्षी टपलेले असतात. कुंपण जमिनीखाली वीतभर पुरलेलं, कारण हे प्राणी खणतात. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पारा चाळीस अंशांच्या वर गेला. आम्ही पडदे ओढून पंख्यासमोर बसलो. दगडूनं लॅव्हेंडरच्या मुळाशी माती उकरली, अंग निम्मं पुरलं आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. खणायला माती नसती तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

व्हाइट यांचं टिमोथी हे नर समजलं जाणारं कासव मादी होतं, हे त्याच्या मरणानंतर कळलं. त्याचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आमच्या दगडूचंही तसंच निघालं, फक्त आम्हाला ते वेळेत समजलं. नराची शेपटी लांब आणि पोटाकडची बाजू खोलगट असते, हिची शेपटी आखूड, पोट सपाट. नाव बदललं नाही. वाफ्यात मऊ मातीचा एक उंच, उन्हाचा ढीग मात्र वाढवला. नर जवळ नसला तरी मादी अंडी घालू शकते, आणि खणायला योग्य जागा नसली तर ती पोटातच अडून राहतात.

लेक २०२४ मध्ये शिकायला लीड्सला गेली. विद्यार्थ्यांच्या खोलीत कासवाची जागा होत नाही, म्हणून दगडू आमच्याकडेच आहे. पण ही कासवं पन्नास वर्षं सहज जगतात, त्याहून जास्तही. आमच्या मृत्युपत्रात दगडूची तरतूद केली आहे. वकीलबाईंनी मजकुरात फक्त लेकीचं नाव घातलं होतं. मी मृत्युपत्राला पुरवणी जोडायला लावली. वाफ्याची मापं, मातीचं मिश्रण, दिव्यांची उंची, फ्रिजचं तापमान आणि ट्यूब बदलायचा महिना, सगळं तीत आहे. शेवटची जास्वंदीची ओळ लेकीनं फोनवरून सांगितली आणि ती मी तशीच लिहून घेतली.