उजेडाकडची बाजू

भाद्रपदांत भोरला एका डबक्यांतलें हिरवें पाणी मीं काचेच्या बरणींत भरून खिडकींत ठेविलें. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों हिरवेपणा साऱ्या पाण्यांतून गोळा होऊन उजेडाकडच्या काचेपाशीं जमलेला! बरणी उलटी फिरविली. कांहीं वेळानें तो पुन्हां खिडकीकडे आला. ज्यांना मेंदू नाहीं, मज्जातंतु नाहींत, अशा एकपेशीय जीवांना दिशा कळते कशी? या प्रश्नानें मला एरवीं इतकें अस्वस्थ केलें नसतें. पण वेल्ह्यास माझी आत्या असते.

तिला प्रथम रातांधळेपणानें गांठलें. मग नजर चहूंबाजूंनीं आकसत गेली. डोळ्यांतल्या पडद्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरत जाण्याचा तो विकार. आतां अंगणांतून समोरचा तोरणाही तिला दिसत नाहीं.

सूक्ष्मदर्शकाखालीं थेंब धरला, तेव्हां त्यांत युग्लीना दिसला. लांबी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी, आणि पुढच्या टोकाशीं तांबडा ठिपका. त्याला नेत्रबिंदु म्हणतात खरें, पण तो पाहत नाहीं. तो नुसता आडोसा. पाहणारी जागा त्याच्या शेजारीं, कशाभिकेच्या बुडाशीं असलेल्या फुगवट्यांत. संवेदना ठिपक्यांत नसून त्याच्या पुढच्या भागांत आहे, हें एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानें 1882 सालींच ताडलें होतें. तेथलें निळा उजेड टिपणारें प्रथिन जपानी संशोधकांना 2002 सालीं सांपडलें. पेशी गिरक्या घेत पोहते, गिरकीगणिक ठिपक्याची सावली त्या फुगवट्यावर पडते, आणि त्या उघडझांपीवरून ती आपली वाट वळविते. उजेड फारच प्रखर झाला, तर पाठ फिरविते.

क्लॅमिडोमोनास नांवाच्या दुसऱ्या हिरव्या शैवालाचें प्रथिन तर उजेड पडतांच पेशीचें दारच उघडतें. तशाच एका शैवालाच्या प्रथिनाचें जनुक, थोडे फेरफार करून, आत्याच्याच जातीच्या विकारानें अंध झालेल्या एका गृहस्थाच्या डोळ्यांत घातलें गेलें. खास चष्मा लावून त्याला टेबलावरची वस्तु कोठें आहे हें ओळखतां आलें, असें 2021 सालीं प्रसिद्ध झालें.

मीं तें आत्याला सांगितलें. ती म्हणाली, "म्हणजे शेवाळाचे डोळे मला लावणार होय रे?"

"लावतील कोणी पुढेंमागें. पण तुझ्या हयातींत होईल असें मला म्हणवत नाहीं, आत्या."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तर मग ती बरणी तेवढी माझ्या खिडकींत आणून ठेव."

आतां मी रविवारीं गेलों कीं ती बरणीवर तळहात फिरविते, उन्हानें कोमट झालेली बाजू शोधते आणि म्हणते, "हिरवें इकडे आहे." बहुधा तें तिकडेच असतें. आश्विनांतल्या एका दुपारीं मात्र ऊन कडक होतें, आणि हिरवें सारें पलीकडच्या सावलींत गेलें होतें. तेवढें मीं तिला सांगितलें नाहीं.